‘अप’ आणि ‘डाऊन’ची जात : इंग्रजी शब्दांचा जातिनिर्णय आणि मराठी व्याकरणपरंपरा (मनमाड जंक्शनच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एखादा शब्द नाम आहे की विशेषण, क्रियाविशेषण आहे की शब्दयोगी अव्यय, हा प्रश्न वरकरणी शालेय वाटतो. परंतु या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. शब्दांच्या ज्या आठ जाती महाराष्ट्रातील विद्यार्थी आज पाठ करतो, त्यांची मांडणी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावरून मराठीत आली. त्याच शतकात रेल्वे, कचेरी व शाळा यांच्या मार्गाने इंग्रजी शब्दही मराठीत आले. म्हणजे मोजण्याचे माप आणि मोजावयाची वस्तू या दोन्ही गोष्टी एकाच सत्तेच्या काळात आपल्याकडे आल्या. तथापि त्यांचा मेळ मात्र बसला नाही. इंग्रजीत एका जातीत गणला जाणारा शब्द मराठीत येताच दुसऱ्या जातीचे काम करू लागला.

प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा विचार मनमाड या रेल्वे जंक्शनच्या भाषेतील ‘अप’, ‘डाऊन’, ‘थ्रू’, ‘कन्फर्म’, ‘कॅन्सल’ अशा शब्दांच्या आधारे केला आहे. आठ जातींच्या मांडणीचा ऐतिहासिक प्रवास पाहणे, मराठी वैयाकरणांनी तिची केलेली चिकित्सा नोंदविणे आणि अवघड इंग्रजी शब्दाची जात ठरविण्याच्या कसोट्या तपासणे, ही या निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

आठ जातींचा प्रवास

शब्दांची आठ गटांत विभागणी करण्याची पाश्चात्त्य परंपरा ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावाशी जोडली जाते. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १०० हा मानतात. त्याच्या आठ जातींत उपपद व धातुसाधित यांना स्वतंत्र स्थान होते, विशेषणाला मात्र नव्हते. विशेषण नामातच गणले जाई. लॅटिन भाषेत उपपद नसल्यामुळे रोमन वैयाकरणांनी ते वगळले आणि उद्गारवाचक शब्दांची जात स्वतंत्र करून आठ ही संख्या कायम राखली. पुढे इंग्रजी वैयाकरणांनी हीच चौकट आपल्या भाषेला लावली. अमेरिकेत जन्मलेल्या व इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थायिक झालेल्या लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शब्दांच्या नऊ जाती मानल्या, कारण इंग्रजीतील उपपद त्यांनी पुन्हा वेगळे धरले. आठ किंवा नऊ ही संख्या भाषेच्या स्वभावातून आपोआप निघालेली नसून प्रत्येक पिढीच्या वैयाकरणांनी केलेल्या तडजोडीतून स्थिरावलेली आहे, हे या प्रवासावरून स्पष्ट होते.

भारतीय परंपरेचे माप निराळे होते. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार पदप्रकार मानले. पाणिनीने पदाची व्याख्या प्रत्ययाच्या आधारे केली आणि सुबन्त व तिङन्त हे दोनच प्रकार सांगितले. म्हणजे शब्दाचा अर्थ काय, यापेक्षा त्याला कोणता प्रत्यय लागतो, या गोष्टीला तेथे महत्त्व होते. मराठी व्याकरण लिहिण्याचा प्रारंभ झाला तेव्हा ही दोन्ही मापे लेखकांपुढे होती.

दादोबा ते दामले

विल्यम कॅरे यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. ते इंग्रजीत होते आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी शिकता यावी हा त्याचा हेतू होता. मराठी माणसाने मराठी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या व्याकरणांत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण प्रसिद्ध झाले व त्याचा ओढा संस्कृत परंपरेकडे होता. दादोबांपुढे मात्र मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. शाळाखात्यात दादोबांचा ग्रंथ रूढ झाला आणि त्याबरोबर इंग्रजी धर्तीची जातिव्यवस्थाही मराठी व्याकरणात रुजली.

येथे दादोबांचे कर्तृत्व लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी इंग्रजी चौकटीचे केवळ भाषांतर केले नाही. इंग्रजीत जो शब्द नामाच्या आधी येतो तो मराठीत नामाच्या नंतर येतो व त्याच्याशी जोडला जातो, ही गोष्ट ‘शब्दयोगी’ या संज्ञेत नेमकी आली आहे. ‘उभयान्वयी’ आणि ‘केवलप्रयोगी’ या संज्ञाही शब्दाच्या वाक्यातील कामाकडे निर्देश करतात. म्हणजे चौकट परकी असली तरी तिच्यातील खणांना दिलेली नावे मराठीच्या रचनेतून आलेली होती. दादोबा आपल्या व्याकरणात आयुष्यभर सुधारणा करीत राहिले. शाळांसाठी त्यांनी १८६५ मध्ये लघुव्याकरण लिहिले आणि १८८१ मध्ये पूरणिका प्रसिद्ध केली.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रका’तील निबंधांतून दादोबांच्या मतांची चिकित्सा केली. पुढे मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या बृहद्ग्रंथात पूर्वीच्या वैयाकरणांची मते मांडून, त्यांतील गुणदोष दाखवून, मग आपला निर्णय देण्याची पद्धत स्वीकारली. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. तर्कशास्त्राच्या व्यासंगाची शिस्त त्यांच्या व्याकरणात पदोपदी जाणवते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) करताना संस्कृत व इंग्रजी या दोन्ही चौकटींच्या ओझ्याकडे लक्ष वेधले. कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) व ‘मराठी व्याकरणाचा इतिहास’ (१९९२) या ग्रंथांतून या संपूर्ण वादपरंपरेचा आढावा घेतला. शब्दांच्या जाती हा विषय मराठीत कधीही निर्विवाद नव्हता, हे या परंपरेवरून दिसून येते.

वर्गातील ‘व्याकरण चालविणे’

विद्वानांमध्ये वाद चालू असताना वर्गात मात्र निश्चित उत्तराची अपेक्षा होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर इंग्रजीचे महत्त्व वाढले आणि शब्दाचे ‘व्याकरण चालविणे’ हा इंग्रजी व मराठी दोन्ही विषयांच्या अध्यापनाचा भाग बनला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफिल्ड यांचे आणि १९३० च्या दशकात रेन व मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण भारतीय शाळांत पोहोचले. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. त्यांच्या पुस्तकात एकच शब्द निरनिराळ्या जातींत कसा वापरला जातो, हे दाखविणारी लांबलचक यादी आहे. ‘बट’ हा शब्द उभयान्वयी, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि संबंधी सर्वनाम अशा चार जातींत मोडतो, असे विद्यार्थी पाठ करीत.

मराठी विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. ‘पण तो आला नाही’ यातील ‘पण’ उभयान्वयी आहे, ‘मीपण येतो’ यातील ‘पण’ वाक्ये जोडत नाही, ‘त्याने पण केला’ यातील ‘पण’ नाम आहे आणि ‘मोठेपण’ यात तर तो निव्वळ प्रत्यय आहे. ‘तो वर गेला’ आणि ‘झाडावर पक्षी बसला’ या वाक्यांतील ‘वर’चेही तसेच आहे. तथापि परीक्षेच्या सोयीसाठी शब्द आणि जात यांची जोडी पाठ करण्याची सवय लागली. आजही स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वाक्य न देता केवळ शब्द पुढे ठेवून ‘जात ओळखा’ असे विचारण्याची रीत आढळते. असा प्रश्न मुळातच सदोष आहे, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

मनमाड : शब्दांचे जंक्शन

मुंबईपासून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर अंतरावर असलेले मनमाड हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गावरील स्थानक. १८७८ मध्ये धोंड–मनमाड म्हणजेच आजचा दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत निजामाच्या राज्यातून येणारा मीटरगेज मार्गही येथे येऊन मिळाला. १९०६ मध्ये पुलांचे लोखंडी सांगाडे तयार करणारी रेल्वेची अभियांत्रिकी कार्यशाळा येथे उभी राहिली. १९७५ मध्ये मनमाड–मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नोकरीसाठी रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्यांची तिच्याशी गाठ पडली. अशा गावाच्या बोलण्यात रेल्वेचे इंग्रजी शब्द रुळले नसते तरच नवल.

त्यांपैकी ‘अप’ आणि ‘डाऊन’ ही जोडी विशेष विचारात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत ‘अप’ हा क्रियाविशेषण, शब्दयोगी, विशेषण, नाम आणि क्रियापद या पाचही जातींत आढळतो व मोठे कोश त्याची तशी नोंद करतात. अर्थावरून जात ठरवावी म्हटले तर येथे अर्थच निसटतो. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ मानली जाई. त्याच धर्तीवर मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघणारी ‘डाऊन’ होय. पण मनमाडहून मुंबईकडे निघालेली ‘अप’ गाडी इगतपुरी सोडताच थळ घाट उतरू लागते. १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुल्या झालेल्या या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. म्हणजे ‘अप’ गाडी प्रत्यक्षात खाली जाते आणि ‘डाऊन’ गाडी घाट चढते. मराठी माणसाच्या भूगोलात देश हा ‘घाटावर’ असून कोकण ‘खाली’ आहे. रेल्वेच्या भाषेत मात्र मुख्यालय वर आणि मुलूख खाली. ‘अप’चा अर्थ भूमीच्या उंचीवरून ठरलेला नसून प्रशासनाच्या उतरंडीवरून ठरलेला आहे. तेव्हा ‘वरच्या दिशेचा बोध करून देणारा शब्द, म्हणून क्रियाविशेषण’ अशी व्याख्या येथे निरुपयोगी ठरते.

हाच शब्द मराठी वाक्यात काय काम करतो हे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. ‘अप गाडी दोन तास लेट आहे’ या वाक्यात ‘अप’ नामापूर्वी येऊन गाडीचा प्रकार सांगतो. तो ‘लाल’ किंवा ‘सुंदर’ या शब्दांप्रमाणे लिंगवचनानुसार न बदलणारे विशेषण आहे. ‘अप आली का?’ या वाक्यात तोच शब्द नाम झाला आहे आणि अध्याहृत ‘गाडी’ या शब्दामुळे त्याला स्त्रीलिंग प्राप्त झाले आहे. ‘अपला गर्दी फार असते’ येथे विभक्तिप्रत्यय लागल्यामुळे त्याच्या नामत्वाबद्दल शंका उरत नाही.

‘तो रोज नाशिकला अप-डाऊन करतो’ हे वाक्य अधिक गुंतागुंतीचे आहे. येथे ‘अप-डाऊन’ हे कर्म मानावे की ‘अप-डाऊन करणे’ हे एकच संयुक्त क्रियापद मानावे? ‘त्याने तिकिटे कॅन्सल केली’ या वाक्याशी तुलना केल्यास मार्ग सापडतो. तेथे क्रियापद ‘तिकिटे’ या शब्दाप्रमाणे चालते. म्हणून ‘कॅन्सल’ हे कर्म नव्हे, तो क्रियापदाचा किंवा विधेयाचा भाग आहे. ‘त्याने वीस वर्षे अप-डाऊन केले’ यात दुसरे कर्म नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी आहे. ते ‘अप-डाऊन’प्रमाणे चालले असेल किंवा प्रयोग भावे असेल. एवढ्यावरून निर्णय होत नाही. परंतु ‘रोजच्या अप-डाऊनने जीव मेटाकुटीला येतो’ असे आपण सहज म्हणतो. ‘रोजच्या कॅन्सलने’ असे कोणी म्हणत नाही. यावरून ‘अप-डाऊन’ हे मराठीत पूर्ण नाम झाले आहे, असा निर्णय करता येतो.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. इंग्रजीत ‘अप’ची मूळ व मुख्य कामे क्रियाविशेषणाची आणि शब्दयोगीची आहेत. मराठी रेल्वेभाषेने नेमकी तीच सोडली आणि विशेषण व नाम ही कामे घेतली. कारण उघड आहे. दिशा दाखविण्यासाठी मराठीजवळ ‘वर’ व ‘खाली’ हे शब्द होतेच. नव्हते ते गाडीच्या प्रकाराचे नाव. भाषेने आपल्या गरजेपुरतेच घेतले.

तथापि यावरून मराठी इंग्रजीतील शब्दयोगी कधीच घेत नाही, असा नियम करणे घाईचे होईल. ‘थ्रू’ हा शब्द त्याला अपवाद आहे. ‘गाडी थ्रू गेली’ म्हणजे न थांबता गेली. येथे तो क्रियाविशेषण आहे. ‘एजंटच्या थ्रू तिकीट काढले’ या वाक्यात मात्र तो मराठी शब्दयोगी अव्ययाचे सर्व नियम पाळतो. तो नामानंतर येतो आणि ‘च्या’ या रूपाची अपेक्षा ठेवतो. कचेरीतील ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ या इंग्रजी पदसमूहात तोच शब्द नामापूर्वी असतो. शब्द तोच असूनही दोन ठिकाणी दोन भाषांचे कायदे लागू होतात.

‘कन्फर्म’चे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्रजीत हे निखळ क्रियापद आहे. विशेषण करावयाचे तर त्याचे रूप बदलावे लागते. मराठीत ‘कन्फर्म तिकीट’ म्हणताना ते मूळ रूपातच विशेषण होते आणि ‘मी कन्फर्म सांगतो’ म्हणताना क्रियाविशेषण होते. ‘वेटिंग’ हे इंग्रजीत धातुसाधित, पण ‘वेटिंग किती आहे?’ असे विचारणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी ते नाम असते. हे शब्द वापरणाऱ्यांचे इंग्रजी कच्चे आहे, असे समजणे चुकीचे आहे. त्यांचे मराठी पक्के आहे, म्हणूनच शब्द मराठीच्या नियमांत बसला.

जातिनिर्णयाच्या कसोट्या

वरील विवेचनावरून चार कसोट्या हाती येतात. पहिली अर्थाची. ती सर्वांत परिचित आणि सर्वांत दुबळी आहे. दुसरी रूपाची, म्हणजे शब्दाला विभक्तिप्रत्यय किंवा सामान्यरूप होते का हे पाहण्याची. पाणिनीय दृष्टीशी तिचे नाते आहे. तिसरी स्थानाची, म्हणजे शब्द नामापूर्वी येतो, नामानंतर येतो की क्रियापदाजवळ येतो हे पाहण्याची. चौथी अन्वयाची, म्हणजे क्रियापद कोणत्या शब्दाप्रमाणे चालते हे तपासण्याची. मराठीत लिंगवचनाचा अन्वय समृद्ध असल्यामुळे इंग्रजीपेक्षा येथे चौथी कसोटी अधिक उपयोगी पडते.

इंग्रजीच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये असा मुद्दा मांडला की, क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, त्याची जात एकच राहते. मग पुढे नाम आले किंवा न आले एवढ्यावरून ‘ऑन’, ‘इन’ यांसारख्या शब्दांच्या दोन जाती कशासाठी मानावयाच्या? चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ मध्ये दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे पारंपरिक नावे बाजूला ठेवली आणि चार मुख्य वर्ग व पंधरा कार्यशब्दांचे गट मांडले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या बृहद् इंग्रजी व्याकरणात हडलस्टन व पुलम यांनी नामाविना येणारा ‘अप’देखील शब्दयोगीच मानला आहे. म्हणजे शाळेत ‘क्रियाविशेषण’ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी एका व्याकरणानुसार बरोबर, तर दुसऱ्यानुसार चूक ठरतो.

‘जात’ या संज्ञेविषयी

मराठीत ‘जात’ हा शब्द ‘प्रकार’ या अर्थानेही रूढ आहे. आंब्याच्या किंवा भाताच्या जाती असतात, तशा शब्दांच्याही. परंतु या संज्ञेबरोबर ‘जन्माने ठरलेली व न बदलणारी’ ही सामाजिक छटाही मनात येते आणि शब्दाची जात त्याच्या अंगीच असते, असा समज दृढ होण्यास तिचा हातभार लागतो. व्याकरणाचा नियम नेमका उलट आहे. तेथे कामावरून जात ठरते. समाजात जातीवरून काम ठरविले जात होते आणि त्याचा दाखला मनमाडच्याच इतिहासात आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद मनमाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो आणि पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत असल्यामुळे त्याला पोर्टरही केले जात नाही, ही वस्तुस्थिती बाबासाहेबांनी तेथे मांडली. व्याकरणाचा वर्ग आणि समाजातील जात या भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे योग्य नाही. तरीही ज्या गावात जन्मावरून काम ठरविण्याच्या रूढीला जाहीर आव्हान मिळाले, तेथील शिक्षकाने विद्यार्थ्याला ‘शब्दाचे काम पाहा, मग त्याचा वर्ग सांगा’ असे शिकवावे, हे औचित्याचे आहे. अलीकडील लेखनात ‘जात’ऐवजी ‘शब्दवर्ग’ ही संज्ञा वापरली जाते, ती या दृष्टीने स्वागतार्ह होय.

निष्कर्ष

१. शब्दांच्या आठ जातींची मराठीतील मांडणी ही ग्रीक, लॅटिन व इंग्रजी परंपरेतून आलेली ऐतिहासिक घटना आहे. दादोबांनी तिला मराठीच्या रचनेशी जुळणाऱ्या संज्ञा दिल्या आणि नंतरच्या वैयाकरणांनी तिची सातत्याने चिकित्सा केली.

२. इंग्रजी शब्द मराठीत येताना आपली मूळ जात बरोबर आणतोच असे नाही. ‘अप’, ‘थ्रू’, ‘कन्फर्म’ हे शब्द मराठी वाक्यात मराठीच्या नियमांनी चालतात. म्हणून इंग्रजी कोशातील नोंद पाहून त्यांची मराठीतील जात सांगणे अशास्त्रीय आहे.

३. अर्थाची कसोटी एकटी पुरेशी नाही. थळ घाट उतरणाऱ्या ‘अप’ गाडीचे उदाहरण यासाठी वर्गात अवश्य द्यावे. रूप, स्थान व अन्वय या कसोट्यांची जोड मिळाल्यावरच निर्णय करता येतो.

४. वाक्यापासून तोडलेल्या शब्दाची जात विचारणारे प्रश्न परीक्षांतून वगळावेत आणि उत्तराइतकेच त्यामागील कारणालाही गुण द्यावेत. जो विद्यार्थी ‘अप-डाऊन’ला नाम म्हणतो आणि त्यासाठी ‘अप-डाऊनने’ या रूपाचा पुरावा देतो, त्याला व्याकरण समजले आहे. त्याचे उत्तर उत्तरपत्रिकेच्या नमुन्याशी जुळत नसेल, तर तपासणी त्या नमुन्याची व्हावयास हवी.

मनमाडसारख्या गावातील महाविद्यालयांत शिकणारी मुले हे शब्द रोज ऐकत व वापरत असतात. त्यांच्या बोलण्यातून गोळा केलेली वाक्ये वर्गात फळ्यावर आली, तर दादोबांपासून चालत आलेला हा वाद त्यांना पुस्तकातील मृत विषय वाटणार नाही.